वेल्ड केलेली भेग पुन्हा का उघडते? जुन्या ड्रॅग कॅमॅरोच्या चासीचं निदान आणि दुरुस्ती

ड्रॅग रेस, म्हणजे उभ्या गाडीतून सुटून सरळ, छोट्या अंतराची शर्यत, पळवणाऱ्यांची तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. "गेल्या वर्षी भेग वेल्ड करून घेतली, यंदा थोडे रन झाले आणि तिथेच परत उघडली." मग बोलता बोलता आणखी काही बाहेर पडतं. सुटताना गाडी उजवीकडे जाते. ड्रायव्हरचा दरवाजा हल्ली उचलून लावावा लागतो. मागच्या चाकावरच्या पत्र्याला एक सुरकुती आहे, पण ती "आधीपासूनच असेल". भेगेचा फोटो सगळे पाठवतात, दरवाजाच्या फटीचा कुणी पाठवत नाही. मला आधी तोच हवा असतो.

इथे लिहितोय ते १९६७ ते १९६९ च्या शेवरले कॅमॅरोबद्दल. १९६८ ते १९७४ ची नोव्हा पुढच्या भागात बरीचशी तशीच आहे, त्यामुळे ती असेल तरी हेच लागू होईल. ह्या गाड्यांची मागची दोन तृतीयांश बॉडी युनिबॉडी आहे, म्हणजे रेल (खालच्या लांब तुळया), फ्लोअर आणि छत मिळून एकच वेल्ड केलेला सांगाडा. पुढे मात्र वेगळी सबफ्रेम बोल्टने लावलेली. मध्ये सहा बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या रबरी गाद्या: दोन रेडिएटर सपोर्टखाली, दोन फायरवॉलपाशी आणि दोन पुढच्या सीटांखाली, जिथे सबफ्रेमची शेपटं संपतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन एका तुकड्यावर, ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) दुसऱ्या तुकड्यावर. दोघांना जोडणारं जे आहे ते म्हणजे रबर आणि पन्नास वर्षांहून जुना फ्लोअरचा पत्रा. रस्त्यावर चालवायला ही रचना उत्तम होती, इंजिनची थरथर केबिनपर्यंत कमी पोचायची. चिकट ट्रॅकवर स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले मऊ टायर लावून पूर्ण ताकदीनिशी सोडायला कुणी ती आखली नव्हती.

पीळ येतो कुठून

हे आकड्यांत बघितल्याशिवाय दुरुस्तीचा क्रम पटत नाही. ३९६ घन इंचाचं, ३७५ अश्वशक्तीचं एल७८ इंजिन घ्या. कंपनीने सांगितलेला टॉर्क ४१५ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५६३ न्यूटन-मीटर. एम२१ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.२०. प्रॉपेलर शाफ्टवर झाले जवळपास १,२४० न्यूटन-मीटर. डिफरन्शियल ४.१० चं असेल तर चाकांवर ५,००० च्या पुढे. क्लच सोडल्याच्या क्षणी फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही त्यात येऊन पडते, त्यामुळे खरा झटका ह्याहून मोठा असतो.

इंजिन पुढून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, म्हणून ब्लॉक उलट दिशेला कलायला बघतो आणि डावा इंजिन माउंट वर खेचला जातो. हे फक्त रेसवाल्यांचं दुखणं नव्हतं. १९७१ च्या शेवटी जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेवरले गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या ह्याच कारणाने: माउंटचं रबर सुटलं की इंजिन उचकटायचं आणि ॲक्सिलरेटर अडकायचा. पहिल्या पिढीची कॅमॅरो त्या यादीत होती. साध्या गाडीत हे होत होतं, तर स्लिकवरच्या गाडीत सबफ्रेमवर काय बेतत असेल त्याचा अंदाज करा.

मागे उलटा खेळ चालतो. शाफ्ट पिनियनमधून ॲक्सलला पिळतो, उजवं मागचं चाक हलकं होतं आणि डावं दाबलं जातं. डावं जास्त ढकलतं, म्हणून नाक उजवीकडे वळतं. बॉडीचा पुढचा भाग एका दिशेला, मागचा दुसऱ्या, आणि मधला फ्लोअर धुणं पिळावं तसा. पुढची चाकं हवेत गेली की पुढच्या स्प्रिंगांचा आधार संपतो. मग इंजिनाची सगळी प्रतिक्रिया सबफ्रेम, बुश, फ्लोअर, रेल अशा वाटेने मागच्या पाट्यांपर्यंत जावी लागते. आणि चाकं खाली येतात तेव्हा तो आपट वेगळाच.

ह्या वाटेवर जिथे जाड धातू अचानक पातळ होतो किंवा सरळ रेषा वळते, तिथे भेग दिसते. सीटखालच्या बुशाभोवतीचा फ्लोअर. मागच्या रेलमध्ये पाट्याचा पुढचा डोळा बसतो त्या खोबणीची कड, आणि ती खोबण धरणाऱ्या तीन बोल्टांची भोकं. डाव्या इंजिन माउंटखालचा क्रॉस मेंबर. लोअर कंट्रोल आर्मचे (पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) कान, विशेषतः व्हीली मारून आपटणाऱ्या गाडीत. छत आणि मागचा पॅनल जिथे मिळतात तो शिशाने भरलेला सांधा. ह्या शेवटच्या जागी रंगाला केसासारखी रेघ आली की लोक पेंटरला दोष देतात. पेंटर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

तर भेग पडली ती जागा फक्त सर्वांत दुबळी होती. पीळ तसाच ठेवून ती जागा जाड केली तर भेग शेजारी सरकते, आणि जाड न करता नुसती शिवली तर तिथेच परत उघडते.

वेल्डर चालू करण्याआधी

पहिल्यांदा चासीबाहेरचे गुन्हेगार बाद करा, कारण त्यांची लक्षणं हुबेहूब तशीच असतात.

दोन्ही मागच्या टायरांचा घेर पट्टीने मोजा, हवा सारखी भरून. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन स्लिकमध्येही फरक निघतो. पाट्याचा सेंटर बोल्ट कापला गेला असेल तर ॲक्सल एका बाजूने मागे सरकलेला असतो, आणि यू-बोल्ट घट्ट असल्यामुळे वरून काहीच कळत नाही. पाट्यांच्या डोळ्यांतले बुश पाहा. १९६७ च्या कॅमॅरोत मागे एकेकच पान होतं आणि ते सुटताना इंग्रजी एस अक्षरासारखं वाकतं. गाडी उड्या मारते आणि तो मार थेट पुढच्या खोबणीवर बसतो. अशी गाडी अजून मूळ एक-पानी पाट्यांवर पळवत असाल तर पुढचं काही वाचण्याआधी पाटे बदला.

मग ॲक्सल हाउसिंग. मधला बिडाचा भाग आणि त्यात घुसवलेल्या दोन नळ्या, प्लग वेल्डने (भोकात भरलेल्या वेल्डने) धरलेल्या. नळी वाकते, कधी जागेवर फिरतेही. मागचा भाग हाउसिंगखाली स्टँड देऊन उचला, चाक हाताने फिरवत रिमच्या कडेवर खूण करा आणि दोन्ही रिममधलं अंतर पुढे आणि मागे, ॲक्सलच्या उंचीवर मोजा. दोन मापांत फरक असेल तर हाउसिंग वाकलंय, आणि चासी सरळ असूनही गाडी तिरकीच जाणार. टायरवर मोजू नका, स्लिकची भिंत मऊ असते.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: उजव्या मागच्या बाजूला आधीच्या मालकाने किती प्रीलोड, म्हणजे आधीच भरलेला जादा दाब, दिला आहे. उजव्या स्प्रिंगवर हवेची पिशवी आहे का, ट्रॅक्शन बारचं (पाटा वाकू नये म्हणून त्याखाली लावलेल्या दांड्याचं) रबर पाट्यापासून डावीकडे आणि उजवीकडे किती लांब आहे. थोडा प्रीलोड सगळेच देतात आणि त्यात गैर काही नाही. पण चासी हळूहळू पिळत गेली आणि मालक दरवेळी थोडी हवा वाढवत गेला, अशा गाड्या पुष्कळ आहेत. तशी गाडी ट्रॅकवर सरळ जाते आणि मोजली की वाकडी निघते. उलटही होतं: चासी सरळ केली, प्रीलोड तसाच राहिला, आणि आता गाडी डावीकडे धावते, मालक म्हणतो तुम्ही बिघडवली. म्हणून मोजायच्या आधी पिशवीतली हवा काढा आणि ट्रॅक्शन बार मोकळे करा.

मोजमाप

महागडी लेझर बेंच नसेल तर अडत नाही. ओळंबा, खडू, दोरी, पोलादी टेप आणि एक डिजिटल कोनमापक पुरतो. जमीन सपाट आहे असं गृहीत धरू नका. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची असते. आपल्याकडचे गवंडी स्लॅबची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून काढतात, तीच नळी इथे चालते. चार चाकांखालची उंची जुळवून घ्या, लागेल तिथे पत्र्याचे तुकडे ठेवा. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा.

पहिली मापं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच घ्यायची. खालच्या बाजूला दोन्हीकडे सारख्या असलेल्या जागा निवडा: लोअर कंट्रोल आर्मचा मागचा बोल्ट, सबफ्रेममधली कारखान्याची गेज-भोकं, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट, मागच्या शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या दुव्याचा) वरचा बोल्ट. प्रत्येकाखाली ओळंबा सोडा, टोक स्थिर झालं की फरशीवर खूण. गाडी ढकलून बाजूला काढली की फरशीवर तिचा नकाशा उरतो. आता कर्ण मोजा: डावा पुढचा ते उजवा मागचा, आणि उलट. मग प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढा आणि पुढून मागे दोरी ताणा. सगळे मध्यबिंदू त्या दोरीखाली यायला हवेत. व्हीलबेस कॅमॅरोचा १०८ इंच, नोव्हाचा १११. दोन्ही बाजूंना तो सारखा भरतो का ते पाहा.

एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलीमीटर. तेवढा फरक मी सोडून देतो. ह्या गाड्या कारखान्यातूनच तेवढ्या फरकाने निघत. दोन सुतांच्या वर गेलं की कारण शोधायचं.

कर्णांत फरक असेल तर एक रेल दुसऱ्याच्या पुढे गेली आहे. मध्यबिंदू दोरीपासून सरकलेला असेल तर गाडी कडेने वाकली आहे, आणि अशी जखम बहुतेक वेळा ड्रॅगची नसते, जुन्या अपघाताची असते. पीळ मात्र फरशीवरच्या खुणांत दिसत नाही, तो उंचीत असतो. त्यासाठी तीन ठिकाणी, म्हणजे फायरवॉल, सीट आणि मागच्या पाट्यांच्या खोबणीपाशी, दोन्ही रेलखाली सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरून तिच्यावर कोनमापक ठेवा. तिन्ही ठिकाणचे कोन सारखे असतील तर गाडी फक्त कललेली आहे, पिळलेली नाही. कोन पुढून मागे बदलत गेला तर पीळ आहे. रेलमधलं अंतर एक मीटर धरलं तर ०.१ अंश म्हणजे पावणेदोन मिलीमीटर. ०.२ अंशाला तुम्ही सुताच्या पलीकडे गेलात. स्वस्त कोनमापक एवढ्यातच चुकतो, म्हणून प्रत्येक वाचन पट्टी उलटसुलट करून दोनदा घ्या आणि सरासरी काढा.

आता दुसरा प्रश्न: हा पीळ कायमचा बसलाय, की गाडी सुटताना पिळते आणि परत येते? दोन्हींवर उपाय वेगळा. दरवाजाच्या फटीवर कागदी टेप आडवी चिकटवा, फटीवर ब्लेडने कापा आणि दोन्ही तुकड्यांवरून पेन्सिलीची एक सलग रेघ ओढा. पुढचा एक कोपरा सबफ्रेमखाली जॅक लावून हळूहळू उचला आणि रेघ किती तुटते ते पाहा. घट्ट गाडीत रेघ जवळपास सलग राहते आणि त्याच बाजूचं मागचं चाकही लवकर हलकं व्हायला लागतं. सैल गाडीत पुढचा कोपरा वर जातच राहतो, मागे कुणाला पत्ता नसतो. जॅक उतरवल्यावर रेघ जुळली तर लवचीकता जास्त आहे. जुळली नाही तर काहीतरी सरकलंय किंवा फाटलंय.

भेगांचा शोध ह्यानंतर. त्या जागी ग्राइंडर लावू नका आणि सँडब्लास्टही नको. दोन्हींनी धातू सारवला जाऊन भेगेचं तोंड मिटतं. रंग रसायनाने काढा, मग डाय पेनिट्रंट वापरा: क्लीनर, लाल द्रव, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर. लाल रेघ पांढऱ्यात उमटते आणि भेग खरी कुठे संपते ते कळतं. डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे ती बऱ्याचदा गेलेली असते. जुन्या दुरुस्तीची पट्टी वर असेल तर तिच्या कोपऱ्यांकडे आधी पाहा.

सबफ्रेम वाकली की नुसती सरकली

इथे घाई करणारे सर्वांत जास्त पैसे घालवतात. कर्णांत तीन-चार सुतांचा फरक दिसला की चासी ओढायला पाठवतात. पण सबफ्रेम रबरावर बसलेली आहे, बोल्टांच्या भोकांत खेळायला जागा आहे, आणि आधी कुणीतरी इंजिन काढताना ती उतरवून अंदाजाने परत चढवलेली असते. मग ती सरळ असते, पण तिरकी बसलेली असते.

फायरवॉलपाशी बुशांच्या शेजारी सबफ्रेममध्ये आणि बॉडीत समोरासमोर भोकं आहेत, साधारण १६ मिलीमीटरची. कारखान्यात त्यांतूनच सबफ्रेम जुळवली जायची. बोल्ट सैल करा, बॉडीला आधार द्या, पहारीने सबफ्रेम हलवून दोन्ही बाजूंच्या भोकांत गोल सळई उभी सरळ जाईपर्यंत जुळवा, बोल्ट घट्ट करा, परत मोजा. बऱ्याच गाड्यांत "वाकलेल्या चासी"चा मोठा भाग इथेच संपतो. सळई दोन्हीकडे गेली आणि तरी पुढच्या कंट्रोल आर्मच्या खुणा तिरक्या असतील, तेव्हाच सबफ्रेम खरोखर वाकली म्हणायची.

बोल्ट सैल केलेच आहेत तर बुश काढून बघा. रबर चेपलेलं असेल तर सहाही बदला, आणि सहाही एकाच जातीचे. दोन ॲल्युमिनियमचे, चार रबराचे असं मिश्रण मी अनेक गाड्यांत पाहिलंय. मग सगळा भार त्या दोघांवर येतो आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा फाटतो. सीटखालची भेग परत परत उघडण्याचं हे माझ्या मते पहिल्या नंबरचं कारण आहे. ड्रॅगसाठी सहाही घन ॲल्युमिनियमचे घ्या. केबिनमध्ये थरथर वाढेल, ती चालवून घ्या. बुशांची उंची मूळ रबराइतकीच आहे ना ते तपासा, नाहीतर पुढचे फेंडर आणि दरवाजा ह्यांचं गणित बिघडेल.

सरळ करणं

कायमचा पीळ असेल तर बॉडी रॉकरच्या (दरवाजाखालच्या कडेच्या) खालच्या पट्टीला चार ठिकाणी क्लॅम्प करून बेंचवर धरावी लागते आणि साखळीने ओढावी लागते. हे घरी करण्याचं काम नाही. पण जिथे देताय तिथे कसं करतात ते उभं राहून बघा. चांगला माणूस थंडच ओढतो, हव्या त्या मापाच्या थोडं पुढे नेतो कारण धातू परत येतो, आणि ताण असतानाच सुरकुत्यांभोवती हातोडीने ठोकत राहतो. एका दमात ओढत नाही; ओढ, सोड, मोज, परत ओढ. टॉर्च पेटवून रेल लाल करायला निघाला तर गाडी परत घ्या. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि साखळीवर जाड गोधडी टाकायची, ती तुटली तर उसळू नये म्हणून.

रेल आतून गंजली असेल तर ओढण्याला अर्थ नाही, नवा भाग बसवावा लागेल. अल्ट्रासोनिक जाडीमापक मिळाला तर बाहेरूनच कळतं. नाही मिळाला तर टोकदार हातोडीने ठोका. निरोगी पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भदभद.

आधी जोडणी, मग भेग

सरळ झालेली गाडी परत पिळू नये म्हणून सबफ्रेमची शेपटं आणि मागची रेल पोलादाने जोडायची. त्याला सबफ्रेम कनेक्टर म्हणतात, साधारण २ बाय ३ इंचाची चौकोनी नळी, दोन्ही बाजूंना. बोल्टचे मिळतात, वेल्डचे जास्त घट्ट. माझं मत वेल्डच्या बाजूने, एक अपवाद सोडून: गाडी दुर्मिळ आणि मूळ असेल तर कापाकापी करू नका. ॲल्युमिनियम ब्लॉकच्या ४२७ इंजिनच्या झेडएल१ कॅमॅरो १९६९ मध्ये फक्त ६९ बनल्या. तसली गाडी दारात असेल तर बोल्टचेच लावा आणि ती कमी पळवा.

वेल्ड करताना गाडी कशी उभी आहे ह्यावर सगळं अवलंबून असतं. टू-पोस्ट लिफ्टवर मधोमध उचललेली गाडी पुढून आणि मागून लोंबते. त्या अवस्थेत कनेक्टर वेल्ड केले तर तो बाक कायमचा कोंडला. वजन सस्पेन्शनवर हवं: मागे ॲक्सलखाली, पुढे लोअर आर्मखाली आधार, दरवाजे लावलेले, फटी मोजलेल्या. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, दर वेळी फट बघत. पूर्ण वेल्ड छोट्या तुकड्यांत, जागा बदलत. नळीचं टोक चौकोनी कापून रेलवर आडवं वेल्ड करू नका, ती आडवी रेघच उद्याची भेग असते. टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगून लांब करा, म्हणजे भार हळूहळू उतरतो.

रोल बार किंवा केज (ड्रायव्हरभोवतीचा संरक्षक नळ्यांचा पिंजरा) असेल तर ती ह्या वाटेचा भाग आहे, तिचे पायही तपासा. युनिबॉडीत प्रत्येक पायाखाली ६ बाय ६ इंचाची, पाव इंचाच्या निम्म्या जाडीची पोलादी पट्टी लागते. नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर उभा केलेला पाय पीळ अडवत नाही, पत्रा भोसकतो. अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरए, तिच्या नियमांत केजची वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत करायला बंदी आहे, वेल्ड दिसली पाहिजे. क्वार्टर माइलला ९.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान, किंवा ताशी १३५ मैलांवर जाणाऱ्या गाडीला चासी सर्टिफिकेट लागतं. अशा गाडीच्या केजला हात लावण्याआधी इन्स्पेक्टरशी बोला.

सगळं झाल्यावर ती मूळ भेग. बॅटरी सोडा, इग्निशन बॉक्सची जोडणी काढा, पेट्रोलची टाकी बाहेर, अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ. पेनिट्रंटने सापडलेल्या दोन्ही टोकांना ३ मिलीमीटरचं भोक पाडा, म्हणजे भेगेचं टोक बोथट होतं. मग पूर्ण लांबीवर व्ही खाच पाडून आरपार वेल्ड. वरून पट्टी द्यायची असेल तर मूळ पत्र्याइतकीच जाड किंवा त्याहून पातळ, कोपरे गोल, मधे प्लग वेल्ड. दुप्पट जाडीची पट्टी लावून "आता बघू कशी फुटते" म्हणणाऱ्यांच्या गाडीत ती पट्टीच्या कडेने फुटते. जस्त चढवलेला नवा पत्रा असेल तर थर आधी काढा. त्या धुराने ताप भरतो. जुनं सीम सीलर आणि गालिच्याखालचं डांबर चटकन पेटतं, पाणी घेऊन दुसरा माणूस उभा हवा. शेवटी रेलच्या पोकळीत मेण फवारा, वेल्डची आतली बाजू उघडीच असते.

गाडी ट्यूब चासीची असेल तर

१९७० मध्ये प्रो स्टॉक क्लास सुरू झाला आणि पोमोनाच्या विंटरनॅशनल्समधली त्याची पहिली स्पर्धा बिल 'ग्रम्पी' जेनकिन्सने १९६८ च्या कॅमॅरोवर जिंकली. काही वर्षांतच त्याच जेनकिन्सची शेवरले व्हेगा ट्यूब चासीवर, म्हणजे नुसत्या नळ्यांच्या सांगाड्यावर, बांधलेली होती. कारखान्याचा फ्लोअर किती पुरतो ह्याचं उत्तर त्याने स्वतःच दिलं असं मी समजतो.

ट्यूब चासी किंवा जुना पुढच्या इंजिनचा ड्रॅगस्टर असेल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्र पोलादाच्या) नळीत भेग वेल्डच्या कडेला पडते, आणि ती भरून काढत नाहीत. नळीचा तो तुकडा भेगेच्या बऱ्याच मागपर्यंत कापून नवा बसवतात, सांध्यात आतून स्लीव्ह. एनएचआरए क्रोमोलीला फक्त टिग वेल्डिंग मान्य करते, साध्या पोलादाला मिग (तार आपोआप सरकवणारं वेल्डिंग) चालतं. वेल्ड झाल्यावर पाणी किंवा दाबाची हवा मारायची नाही, शांत हवेत आपोआप थंड होऊ द्या. साठच्या दशकातल्या क्रोम केलेल्या भागांपासून सावध राहा: मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. आणि त्या लांब स्लिंगशॉट गाड्यांची चासी मुद्दाम लवचीक ठेवलेली असे. तिथे कनेक्टरच्या हिशेबाने नळ्या वाढवत गेलात तर भेग फक्त पत्ता बदलेल.

परत ट्रॅकवर

चारही चाकं वजनकाट्यावर ठेवा, सीटवर ड्रायव्हर बसवून. ट्रॅक्शन बारची फट दोन्हीकडे सारखी, पिशवी रिकामी, इथून सुरुवात. पहिले रन अर्ध्या ताकदीने आणि फक्त साठ फुटांपर्यंत. मागून फोनवर व्हिडिओ घ्या आणि थांबवून बघा: बॉडी आणि ॲक्सल एकमेकांच्या तुलनेत किती कलतात, नाक कुठे वळतं. उजवीकडे जात असेल तर उजव्या पिशवीत थोडी हवा भरा. जुनं आकडेमोडीचं पान बाजूला ठेवा, तो आकडा पिळलेल्या गाडीचा होता.

पूर्ण ताकदीने सोडायला लागलात की दर रनला दरवाजाच्या टेपवरची रेघ आणि दुरुस्तीच्या जागेचा पांढरा रंग पाहा. दुरुस्तीवर मी काळा रंग कधीच मारत नाही. पांढऱ्या पातळ रंगावर केसाएवढी रेघही लगेच दिसते आणि आतून गंज झिरपला तर तांबूस ओघळ येतो. पहिल्या दिवसानंतर सहाही बुशांचे बोल्ट आणि पाट्याच्या खोबणीचे तीन-तीन बोल्ट परत आवळा. नव्या बुशांवर ते थोडे बसतातच. दुसऱ्या दिवशीही ते तेवढेच फिरले तर आवळत बसू नका, खोबणीमागचे नट पत्र्यातून सुटले आहेत का ते काढून बघा.